त्याच पैशात मोठी गाडी?

मंडळी, आज जरा भांडायचं ठरवलंय. विषय सेकंड हँड गाडीचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त मास्तरीणबाईंना गाड्यांतलं काय कळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं. बाकीच्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि मग माझ्याशी भांडा. गाडीतलं मला फार कळत नाही हे खरंच आहे, पण पाचवी ते सातवीच्या पोरांना तीस वर्षं गणित शिकवलंय. या विषयाला तेवढं पुरतं!

तर आमच्या नात्यात गेले तीन आठवडे एकच चर्चा चालू आहे. माझा भाचा खारघरला राहतो, नोकरी महापेला. धाकटी बहीण आणि भावोजी गावी, संगमेश्वर तालुक्यात. भावोजींचं वय झालंय, म्हणून भाचा महिन्यातून एकदा तरी गावी जातोच. त्याने साडेपाच लाख साठवलेत. मुलगी बारावीला आहे, म्हणजे पुढच्या वर्षी फीचा आकडा समोर येणार. तेव्हा याच्यावर एक रुपया खर्च करायचा नाही असं त्याने ठरवलंय, आणि ते मला मनापासून पटलंय.

आता दोन गाड्या समोर आहेत. दोन्ही डिझेल, दोन्ही डिकीवाल्या. एक २०१५ ची होंडा सिटी, मीटरवर ४८ हजार किलोमीटर, किंमत सव्वापाच लाख. दुसरी २०१८ ची मारुती डिझायर, मीटरवर ९६ हजार, किंमत साडेपाच लाख. घरातली सगळी मतं सिटीच्या बाजूने. का? तर, 'मावशी, पंचवीस हजार कमी, गाडी मोठी आणि चाललीय निम्मीच!'

हे 'त्याच पैशात मोठी गाडी' जे आहे ना, त्याच्याशी माझं भांडण आहे. सेकंड हँड गाडी घेताना आपण लांबी विकत घेत नाही. त्या गाडीत उरलेली वर्षं विकत घेतो. बाजारात मोठी गाडी लहान गाडीच्या भावाला मिळते ती विकणारा उदार झाला म्हणून नाही, तिची वर्षं संपत आली म्हणून.

हिशेब बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. सिटीची २०३० ला संपते, डिझायरची २०३३ ला. नोंदणी संपली की गाडी लगेच भंगारात जाते असं नाही. तपासणी करून ती पाच-पाच वर्षं वाढवता येते. पण त्याला एप्रिल २०२२ पासून गाडीमागे ५,००० रुपये फी आहे, वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, आणि तपासणीत पास व्हायला जो खर्च येईल तो वेगळाच. म्हणजे पंचवीस हजार वाचवून तीन वर्षं गमवायची. सातवीतल्या पोरानेसुद्धा असा सौदा केला नसता.

आणि इथे डिझेल आहे हे विसरू नका. डिझेलच्या या गाड्या आल्या कशा ते आठवा. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये लिटर होतं आणि डिझेल ४१! सरकारने डिझेलचा भाव धरून ठेवला होता, म्हणून जो तो डिझेल गाडीच्या मागे. होंडा कंपनीला सिटी पेट्रोलमध्येच विकायची सवय, पण जानेवारी २०१४ मध्ये तिलाही डिझेल सिटी काढावी लागली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने डिझेलच्या भावावरचं नियंत्रण उठवलं. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे कडक नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. २०२३ पर्यंत होंडानेही केल्या. म्हणजे या दोन्ही गाड्या आता बंद पडलेल्या वाणातल्या आहेत. चार वर्षांनी विकायला काढाल तेव्हा पंधरा वर्षांची डिझेल गाडी कोण घेणार?

दिल्लीत काय झालं ते तर सगळ्यांनी वाचलंय. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना न्यायालयाकडून थोडा दिलासा मिळाला, पण तोवर किती जणांनी चांगल्या गाड्या मातीमोलाने परराज्यांत विकल्या! आपल्याकडे तसा नियम नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून कान टोचल्यावर राज्य सरकारने समिती नेमली होती. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का, हा तिच्यापुढचा प्रश्न. महानगर प्रदेशात आपली नवी मुंबई येते बरं का! उद्याच बंदी येईल असं मी म्हणत नाही. पण वारा कुठून वाहतोय ते बघून शेतकरी मळणी करतो, आपण नको बघायला?

मग डिझेल घेऊच नये का? काही लोक असंही म्हणतात, आणि तेही सरसकट बोलणं. माझ्यासारखीने घेऊ नये. माझं वाशीत महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणं, बाजार, दवाखाना, नातेवाईक. डिझेल नव्वद रुपये, पेट्रोल एकशेचार धरा. डिझेलला अठरा आणि पेट्रोलला चौदा असं ॲव्हरेज धरा. माझे वर्षाला जेमतेम पावणेनऊ हजार वाचतील. एकदा नोझल किंवा टर्बोचं काम निघालं की गेले! शिवाय डिझेल इंजिन रोज दोन-दोन किलोमीटर चालवून बंद केलं की नीट तापत नाही आणि आत काजळी साठते. भाच्याचं तसं नाही. ऑफिस आणि गाव मिळून वर्षाला पंधरा हजार किलोमीटर. त्याच भावांनी त्याचे छत्तीस हजार वाचतात. त्याला डिझेल योग्यच आहे. म्हणजे डिझेल चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, तुमचं रनिंग किती हा आहे.

आता घरात सगळ्यात जास्त वाद कशावर झाला असेल? ॲव्हरेजवर! एक म्हणतो वीस देते, दुसरा म्हणतो अठरा. अहो, पंधरा हजार किलोमीटरला वीस आणि अठरा यातला फरक वर्षाला साडेसात हजार, महिन्याला सव्वासहाशे. एवढ्यासाठी तीन रविवार घालवले, आणि आरसी बुक कुणी उघडून पाहिलं नाही!

ते मीटरचं बघू आता. सिटी ४८ हजार चालली म्हणून सगळे खूष. मला तिथेच शंका आली. डिझेल गाडी माणूस कशासाठी घेतो? भरपूर फिरायचं असतं म्हणून. नवी घेताना पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून कुणी वर्षाला पाच हजार किलोमीटरही फिरत नाही? तर मग दोनच शक्यता. एक तर मीटर मागे फिरवलंय, नाहीतर गाडी वर्षानुवर्षं उभी होती. उभ्या गाडीचे रबराचे भाग कडक होतात, बॅटरी जाते, टायर नवे दिसले तरी जुने असतात. विकणारा म्हणतो, 'डॉक्टरांची गाडी आहे, फक्त दवाखान्यात जायची.' मी इतकी वर्षं ऐकतेय, जुनी गाडी विकायला निघाली की ती डॉक्टरांचीच असते! सर्व्हिसिंगचे कागद मागितले तर 'शोधून देतो'. तीन आठवडे झाले, शोधतायत.

डिझायर ९६ हजार चाललीय, आकडा ऐकून सगळ्यांची नाकं मुरडली. पण तिच्या प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती आहे आणि पावत्यांवरचे किलोमीटर क्रमाने वाढत गेलेत. खरं सांगणारे ९६ हजार मला संशयाच्या ४८ हजारांपेक्षा कधीही जास्त प्रिय. पोरांच्या वह्या तपासताना हेच बघायचो आम्ही. उत्तर बरोबर आहे पण रीत नाही, तर गुण नाहीत!

इंजिनाचंही सांगते. डिझायरमधलं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने ते स्विफ्ट, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा किती गाड्यांत घातलं, टाटांनीही व्हिस्टा आणि मान्झात घातलं. त्यामुळे खेडोपाडीच्या गॅरेजवाल्याचा हात त्यावर बसलाय. सिटीचं दीड लिटरचं इंजिन चांगलं नाही असं मी मुळीच म्हणत नाही. ताकद जास्तच आहे त्याची. पण भर पावसात, रात्री, मुंबई-गोवा हायवेवर गाडी बंद पडली तर? (तो रस्ता २०११ पासून चौपदरी होतोय, त्यावर वेगळं लिहावं लागेल!) भावोजींना बरं वाटत नाही म्हणून निघालेला माणूस चिपळूणच्या अलीकडे अडकला, तर त्याला मोठी डिकी उपयोगाची की सकाळी सातला दार उघडणारा, इंजिन ओळखणारा गॅरेजवाला?

सिटीच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर हा एकतर्फी न्याय होईल. तिची मागची सीट खरोखर ऐसपैस आहे. डिकी ५१० लिटरची, डिझायरची ३७८ ची. २००८ ची पहिली डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून २०१२ मध्ये तिची शेपटी छाटली. तेव्हा जागा कमी पडणारच. भावोजींचे गुडघे दुखतात, त्यांना मागे पाय पसरता येतील हा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यावर उपाय आहे. भावोजींना पुढे बसवा! आंब्याच्या पेट्या दोन कमी येतील, त्याने काही बिघडत नाही.

खरं कारण मला ठाऊक आहे आणि ते कुणी बोलत नाही. मे महिन्यात गावी लग्न आहे. भाऊबंद जमतील. दारात कुठली गाडी उभी राहते ते बघतील. डिझायर म्हटलं की, 'अरे, ही तर टॅक्सीवाल्यांची गाडी!' असं कुणीतरी म्हणणार. म्हणू देत की! टॅक्सीवाला स्वतःच्या पोटाच्या पैशाने जी गाडी निवडतो तिच्याइतकं मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? (मात्र आपण घेतोय ती आधी टॅक्सी नव्हती ना, हे आरसीवर बघून घ्या.) लग्नाला आलेले पाहुणे दोन दिवसांत परत जातात. गाडी सात वर्षं दारात राहते.

आता कुठलीही गाडी घ्या, कागदांचं काम स्वतः उभं राहून करा, एजंटवर सोडू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. विमा आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट लागते, तीही बघा. आणि विकणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगते. नाव बदललं नाही तर अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच माथी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. सह्या करून कोरे फॉर्म देऊन टाकणारे कितीतरी सज्जन माझ्या ओळखीचे आहेत.

आणि भावात घासाघीस जरूर करा. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या उतरल्या, मग जुन्यांनी का उतरू नये? डीलर 'सेकंड हँडवर अठरा टक्के टॅक्स' म्हणून घाबरवेल. तो कर त्याच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही.

माझं मत सरळ आहे. भाच्याने डिझायर घ्यावी, आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून, पाच लाख पंचवीसला मागून. वाचलेले पंचवीस हजार इंजिन ऑईल, टायर आणि क्लचप्लेटसाठी बाजूला ठेवावेत. जुन्या गाडीला पहिल्या वर्षी खर्च निघतोच. मुलीच्या फीला हात लागता कामा नये.

घरात कुणाला हे पटेल असं वाटत नाही. पण सिटीवाल्यांनी मला एवढंच सांगावं की दहा वर्षांत ती डिझेल गाडी ४८ हजारच का चालली? समाधानकारक उत्तर आणि पावत्या दोन्ही आणा, मी माझं मत बदलीन. नुसतं 'मावशी, गाडी बघ किती ऐटदार दिसते' हे उत्तर नाही. रीत दाखवा!