स्थलांतरित कामगार : नोंद कोण ठेवणार?

८ मे २०२० च्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, रेल्वेरुळांवर झोपलेल्या १६ कामगारांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे हे श्रमिक टाळेबंदीत मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले होते. परतीच्या वाटेवर देशभर असे किती कामगार मेले, याची आकडेवारी नाही, असे केंद्र सरकारने त्याच सप्टेंबरात लोकसभेत निर्विकारपणे सांगितले!

नोंद ठेवणे अशक्य होते काय? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना, आस्थापनेला नोंदणी आणि कामगाराला पासबुक सक्तीचे केले होते. शिवाय मासिक वेतनाच्या निम्मा विस्थापन भत्ताही देऊ केला होता. हा कायदा बव्हंशी कागदावरच राहिला. कारण उघड आहे. ज्याची नोंद होते, तो किमान वेतन मागू शकतो. ठेकेदाराचा नफा तर बिननोंदीच्या स्वस्त श्रमावरच पोसला जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने तो कायदाच रद्द केला. स्वतःहून आलेला कामगारही आता व्याख्येत आला, हे खरे. परंतु पाच कामगारांची मर्यादा दहांवर नेली आणि विस्थापन भत्ता काढून टाकला.

‘परप्रांतीय’ म्हणून या श्रमिकावर बोट रोखणारे मालकाचेच काम करतात. वेतन पाडण्याचे हत्यार बोथट करायचे, तर स्थानिक व बाहेरचा कामगार एकाच युनियनमध्ये हवा. गावी शेतमजूर संघटनेने आणि शहरात युनियनने त्याची नोंद ठेवावी. हे काम आपले आहे.