नावापुरते उरलेले चित्रपटगृह

पुण्याच्या मंडईत आज ‘आर्यन’ म्हणजे वाहनतळ. ‘गाडी आर्यनला लाव आणि ये’ हे वाक्य तेथे दिवसाकाठी कितीदा तरी उच्चारले जाते. उच्चारणाऱ्यांपैकी अनेकांना त्या नावाआड एक चित्रपटगृह आहे याची गंधवार्ताही नसते. ‘आर्यन’ हे नाव हल्ली मुलांना सर्रास ठेवले जाते. तेव्हा कोणा आर्यनच्या स्मरणार्थ हा वाहनतळ बांधला असावा, असे एखाद्या तरुणाला वाटले तर तो त्याचा दोष नव्हे. १९१३ च्या मे महिन्यात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१५ साली, गंगाधरपंत पाठक यांनी पुण्यात आर्यन सुरू केले. पुण्यातील ते पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह. १९८३ साली ते पाडले गेले. त्याच परिसरातील मिनर्व्हाची कथाही निराळी नाही. तेही नाव आज वाहनतळाच्याच वाट्याला आले आहे.

बंद पडलेल्या चित्रपटगृहांवर हळहळणारे लेखन मराठीत उदंड आहे. त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. मला येथे एक भाषिक मुद्दा मांडायचा आहे आणि तो सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आपणा सर्वांच्या कामाचा आहे असे मला वाटते.

वास्तू गेली, धंदा गेला, पडदा गेला, तिकिटाची खिडकी गेली. मग नाव कोणी राखले? त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता, आंदोलन तर नव्हतेच. ते राखले एका साध्या प्रत्ययाने. मराठीत आपण ‘घराला बसलो’ किंवा ‘शाळेला खेळलो’ असे म्हणत नाही; तेथे ‘घरात’, ‘शाळेत’ असेच म्हणावे लागते. गावाच्या बाबतीत मात्र ‘पुण्याला राहतो’, ‘सांगलीला असतो’ अशी बोलण्याची रीत आहे. म्हणजे हा ‘ला’ स्थळाचा अर्थ दाखवतो तो प्रामुख्याने गावांच्या नावांपुढे. आता चित्रपटगृहांच्या बाबतीत आपण काय बोलत आलो ते आठवून पाहावे. ‘सिनेमा प्रभातला लागलाय’, ‘अलकाला चार आठवडे चालला’, ‘आर्यनला भेटू’. मराठी माणसाने चित्रपटगृहाच्या नावाला इमारतीचे व्याकरण न लावता गावाचे व्याकरण लावले. इमारत पाडता येते; गाव असे सहजी पुसले जात नाही. आर्यन वाहनतळ झाले तरी ‘आर्यनला’ हे रूप जसेच्या तसे राहिले, याचे मर्म मला येथे दिसते.

आणखी एक उदाहरण पुण्याचेच. लक्ष्मी रस्त्यावरून निघणारी गणेश विसर्जनाची मिरवणूक जेथे संपते, त्या चौकाचे अधिकृत नाव लोकमान्य टिळक चौक असे आहे. टिळकांविषयी पुणेकरांना आदर कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना पुणेकर म्हणतो ‘अलका टॉकीज’. मंडईचेही तसेच. १८८६ साली ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरसेवक असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि ते योग्यच झाले. पण लोकांच्या जिभेवर आधीही आणि नंतरही एकच शब्द राहिला, तो म्हणजे मंडई. नाव देणे हा सत्तेचा अधिकार असेल. नाव चालवणे हा बोलणाऱ्यांचा अधिकार आहे.

ही गोष्ट केवळ पुण्याची नाही. इंदूरला मधुमिलन आणि रीगल हे चौक चित्रपटगृहांच्या नावानेच ओळखले जातात; सपना-संगीता हा तर आख्खा रस्ताच आहे. सिकंदराबादेत ‘पॅराडाइज’ म्हटले की आज बिर्याणी आठवते, पण ते मूळ नाव एका टॉकीजचे आणि आता ते त्या संपूर्ण भागाचे झाले आहे. ही नावे मराठी माणसांनी दिलेली नाहीत. परंतु इंदूरचे मराठी घर ‘मधुमिलनपाशी’ म्हणते आणि हैदराबादचे मराठी घर ‘पॅराडाइजच्या पुढे’ म्हणते, तेव्हा परक्या शहराचा तेवढा तुकडा मराठी वाक्यात वस्तीला येतो. शतकानुशतके महाराष्ट्राबाहेर राहूनही आपली भाषा टिकली ती अशाच तुकड्यांवर.

मी बेळगावहून शिक्षणासाठी पुण्यात गेलो आणि शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहिलो, तेव्हा आर्यन उभे होते. माझी बोली ‘करायलास काय’, ‘बघाय चाललोय’ या वळणाची. वर्गात तिचे हसू होई आणि मी शब्द जपून वापरू लागलो होतो. मंडईच्या परिसरात मात्र कोणाला हसायला उसंत नव्हती. तेथे मावळातला हमाल होता, जुन्नरकडचा भाजीवाला होता, सोलापूरकडून आलेला विणकर होता. प्रत्येकाची मराठी निराळी आणि प्रत्येकजण तिकिटाच्या रांगेत आपापल्या मराठीतच भांडत असे. प्रमाणभाषा मी महाविद्यालयात शिकलो. पण आपली बोलीही मराठीच आहे, तिच्यासाठी खाली मान घालण्याचे कारण नाही, हे मला त्या रांगेने आणि पिटातल्या बाकांनी शिकवले. आज जेथे मोटारी उभ्या असतात, तेथे माझ्यासारख्या सीमेवरच्या मुलाची भाषिक उमेद उभी राहिली होती.

चित्रपटगृहाने मराठीला शब्दही थोडे दिले नाहीत. आणि ते पाहिले तर शब्द कसे जगतात व कसे मरतात हे कळते. सावरकरांनी सुचवलेले म्हणून जे शब्द ओळखले जातात, त्यांपैकी ‘दिग्दर्शक’ आणि ‘मध्यंतर’ आज कोणालाही घडवलेले वाटत नाहीत. ‘बोलपट’ मात्र मूकपट संपले तसा मागे पडला, कारण सगळेच चित्रपट बोलू लागल्यावर वेगळेपण सांगायचे उरले नाही. गंमत अशी की, त्याच अर्थाचा ‘टॉकीज’ हा परका शब्द टिकून राहिला. पण तोही अर्थ बदलून. इंग्रजीत तो बोलणाऱ्या चित्रपटांसाठी होता, आपण त्याची इमारत केली आणि ‘ती टॉकीज’ असे लिंगही दिले. चित्रपट ‘लागतो’, ‘पडतो’, ‘गाजतो’ आणि ‘उतरतो’. तीनचा, सहाचा आणि नवाचा असतो तो ‘खेळ’. हा शब्द नाटक-तमाशाच्या तंबूतून थेट पडद्यापर्यंत चालत आला. शब्द शुद्ध की अशुद्ध, आपला की परका, यावर त्याचे आयुष्य ठरत नाही. रोजच्या वाक्यात त्याला जागा मिळते की नाही, यावर ते ठरते.

अलीकडे पुष्कळ वर्षांनी त्या पेठेत फिरलो. २०२४ पासून मंडईखालून भुयारी मेट्रो धावते. वाडे जाऊन त्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. वाहनतळावरच्या तरुणाला मी विचारले, ‘आर्यन हे नाव कशावरून पडले हो?’ तो म्हणाला, ‘जुनं नाव आहे काका, पहिल्यापासून हेच म्हणतात.’ त्याचे उत्तर अपुरे होते, पण चुकीचे नव्हते. नाव त्याच्यापर्यंत पोहोचले होते. नावाची गोष्ट पोहोचली नव्हती. जेथे मराठीला राजाश्रय आहे, विद्यापीठे आहेत, वृत्तपत्रे आहेत, त्या पुण्यात जर एका पिढीत गोष्ट गळून पडते, तर आपल्याकडे काय होईल, हा प्रश्न मला तेथेच पडला.

आता आपल्याकडे वळू. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बदलले. मराठी कानाला ‘बेळगावी’ हे ‘गावी’, ‘घरी’ यांसारखे सप्तमीचे रूप वाटते, ही त्यातली भाषिक मौज. पण त्यामागची वेदना आपण सारे जाणतो. २०२४ साली कर्नाटकात फलकांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा झाला. फलकांचा लढा आपण कायद्याने लढत आहोत आणि तो लढलाच पाहिजे. मात्र सगळे बळ फलकावर लावताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. कायदा फलकापाशी संपतो. जीभ त्याच्या कक्षेत येत नाही. रामदेव गल्लीजवळच्या रस्त्याला लोक ‘हंस टॉकीज रोड’ म्हणतात, ते कोणत्याही फलकाच्या मेहेरबानीवर नाही. तेथे राहणारा कन्नड शेजारीही तेच नाव घेतो, हे विशेष. या नावांवरून कोणाशी वैर करण्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच ती राखणे सर्वांत सोपे आहे.

आणि तरीही ती आपण हरवत आहोत. हरवत आहोत आपल्याच घरात. मुलांना पत्ता सांगताना आपण मोबाइलच्या नकाशावरचे नाव वाचून दाखवतो. गल्लीला ‘क्रॉस’ म्हणतो, टॉकीजच्या जागी आलेल्या दुकानाचे नाव घेतो. यात कोणा सरकारचा हात नाही.

कोणी म्हणेल, मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडत असताना पाडलेल्या टॉकीजच्या नावाचे काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. शाळेची जागा नाव घेऊ शकत नाही. नावापुरते उरणे म्हणजे जगणे नव्हे, हे आर्यननेच दाखवून दिले आहे. पण शाळेला परवानगी लागते, शिक्षक लागतो, अनुदान लागते. नावाला यातले काहीच लागत नाही. जे पूर्णपणे आपल्या हाती आहे तेही आपण सोडून दिले, तर जे हाती नाही ते मागताना आपला आवाज किती ठाम राहील? शिवाय ज्या मुलाला आपल्या गल्लीच्या नावाची गोष्ट ठाऊक आहे, त्याला त्या भाषेच्या शाळेत का जावे हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

म्हणून एक साधे काम सुचवतो. आपापल्या गावात बंद पडलेल्या, पाडलेल्या, रूप पालटलेल्या चित्रपटगृहांची नावे लिहून काढावीत. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी असाव्यात: ते कोठे होते, आज तेथे काय आहे, आणि लोक त्या जागेला बोलताना काय म्हणतात. तिसरी गोष्ट शब्दशः, बोलीतल्या प्रत्ययासह टिपावी. ‘हंसला’ की ‘हंसपाशी’, ‘टॉकीजकडं’ की ‘थेटराजवळ’. भाषेचा खरा पुरावा त्या प्रत्ययातच असतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. अशी टिपणे ठेवायला त्याहून योग्य जागा मला सुचत नाही. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मंडळांनीही आपापल्या ठिकाणी हे करावे. ज्येष्ठांनी सांगावे आणि तरुणांनी लिहावे. एका सुट्टीत पुरे होण्याजोगे काम आहे.

हे काम पुढे ढकलण्यासारखे मात्र नाही. ज्यांनी त्या खुर्च्यांवर बसून चित्रपट पाहिले, ती पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे. तिच्यामागे नाव राहील, पण ते कशाचे होते हे सांगणारे कोणी राहणार नाही. गोष्ट हरवलेले नाव पुसून टाकणे कोणालाही फार सोपे जाते.