वाढत्या भावाचे घर आणि गृहस्थाचा हिशेब

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या पिढ्यांनी रूढ केली, त्यांच्यासाठी घर ही आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट होती. निवृत्तीच्या उंबरठ्यावर भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढावी, चार भिंती उभाराव्यात आणि त्या पुढच्या पिढीच्या स्वाधीन कराव्यात, एवढाच त्या व्यवहाराचा पसारा. आज पुणे, ठाणे, नाशिक येथील मध्यमवर्गीय कुटुंबांत चित्र पालटले आहे. राहत्या घराचे हप्ते फिटण्याआधीच दुसरी सदनिका घेतली जाते. ‘भाड्यातून हप्ता फिटेल आणि भाव तर वाढतोच आहे’ या दोन आधारांवर हा निर्णय उभा असतो. हे आधार खरोखरच भक्कम आहेत काय?

पुण्याच्या उपनगरातील ८० लाखांची एक सदनिका उदाहरणादाखल घ्यावी. २० लाख पदरचे आणि ६० लाखांचे कर्ज. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता सुमारे ५२ हजार रुपये होतो. भाडे २० हजार धरले, तर वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे किमतीच्या अवघे ३ टक्के. त्यातून सोसायटीची वर्गणी, मिळकत कर, रंगरंगोटी आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा केला, तर हाती १ लाख ९० हजारांच्या आसपास उरतात. याउलट पहिल्या वर्षी केवळ व्याजापोटीच ५ लाखांहून अधिक रक्कम जाते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीपोटी गेलेले सुमारे ६ लाख वेगळेच. पदरचा पैसा ठेवीत असता तर मिळाले असते ते व्याजही या हिशेबात धरावे लागते. ही सारी बेरीज केली, तर घराचा भाव दरवर्षी सुमारे ६ टक्क्यांनी वाढला तरच पहिल्या काही वर्षांत बरोबरी होते. नफा त्यापुढचा.

भाव वाढतच राहतो, ही समजूतही अनुभवाला धरून नाही. २०१४ नंतरची काही वर्षे मुंबई-पुण्याच्या अनेक भागांत भाव जवळजवळ थिजले होते. हप्ते मात्र थिजत नाहीत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. वीस वर्षांच्या ६० लाखांच्या कर्जाचे व्याज ७ टक्क्यांवरून साडेनऊवर गेले, तर हप्ता साडेसेहेचाळीस हजारांवरून जवळपास ५६ हजारांवर जातो. अनेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली, त्यामुळे कर्जाचे ओझे निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचे कित्येकांच्या उशिरा ध्यानात आले.

‘करात सवलत मिळते’ हा तिसरा आधारही आता क्षीण झाला आहे. जुन्या करप्रणालीत घरभाड्याच्या खात्यातील तोटा पगारातून वजा करण्यावर २०१७-१८ पासून वर्षाला २ लाखांची मर्यादा आली. नव्या प्रणालीत तर तो पगारातून वजा होतच नाही.

याचा अर्थ दुसरे घर घेऊच नये, असा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढाच अर्थ. घर सहा महिने रिकामे राहिले तरी हप्ता थकणार नाही, मुलांच्या शिक्षणाची आणि आई-वडिलांच्या आजारपणाची तरतूद मोडावी लागणार नाही, इतकी शिल्लक गाठी असेल तर खुशाल घ्यावे. मात्र घेतल्यावर ते बंद ठेवू नये. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. भाडेकरू घर बळकावील ही भीती १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळातील आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून घराचा ताबा परत मिळवण्याची तरतूद आहे. मात्र भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची असून ती टाळणे हा दंडनीय अपराध आहे.

आता प्रश्न विकण्याचा. भाव चढता असताना ‘अजून थोडे थांबू’ म्हणायचे आणि उतरू लागला की ‘आता कशाला, पुन्हा चढेल’ म्हणायचे, या दोलायमान अवस्थेत दशके निघून जातात. भावाचे शिखर कोणालाच आधी दिसत नाही. म्हणून कसोटी वेगळी हवी. आज तेवढीच रक्कम हातात रोख असती, तर हेच घर आजच्या भावाने पुन्हा विकत घेतले असते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते घर केवळ सवयीने सांभाळले जात आहे.

विकताना कराचा हिशेब आधी मांडावा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, किंवा तशी वाढ न धरता साडेबारा टक्के. २००५-०६ मध्ये २० लाखांना घेतलेले घर २०२४ च्या अखेरीस एक कोटीला विकले असे धरले, तर पहिल्या पर्यायाने कर सुमारे ७ लाख ६० हजार आणि दुसऱ्याने १० लाख होतो. नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात गुंतवला किंवा सहा महिन्यांत विशिष्ट रोख्यांत ५० लाखांपर्यंत ठेवला, तर त्या प्रमाणात करही वाचतो.

मात्र सर्वांत अवघड निर्णय राहत्या घराचा असतो. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, उद्वाहक नाही, गुडघे साथ देत नाहीत आणि मुले परगावी. घराची किंमत दीड कोटी. पण औषधांची चिठ्ठी हाती आली की वृद्ध दांपत्य दुकानदाराला निम्म्याच गोळ्या मागते. ‘मुलांसाठी ठेवायचे आहे’ म्हणून ते विकवत नाही, आणि मुलांना तर त्या गावी परतायचेच नसते. ही कागदावरची श्रीमंती कोणाच्या उपयोगाची? अशा वेळी मुलांनी पुढाकार घेऊन ‘आम्हांला घर नको, तुम्ही सुखात राहा’ हे शब्द स्पष्टपणे उच्चारले पाहिजेत. आई-वडिलांच्या तोंडून ते कधीच निघणार नाहीत. मग तळमजल्यावरचे किंवा उद्वाहक असलेले लहान घर घ्यावे आणि उरलेली रक्कम त्यांच्याच नावे ठेवावी.

वास्तू माणसांसाठी असते, माणसे वास्तूसाठी नसतात. ज्या घराने कुटुंबाला निवारा दिला, त्याने उतारवयात आधारही द्यावा, यात त्या वास्तूचा अवमान नाही.