आपण टाकतो, उचलतं कोण?

मैत्रिणींनो, महिला मंडळांतल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धांचा मला आता वीट आलाय. बाटलीला लोकर गुंडाळायची, फुलदाणी करायची, बक्षीस घ्यायचं. सातारा-सांगलीकडं आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायच्या. त्याला कुणी बक्षीस दिलं नाही आणि श्रमही म्हटलं नाही. दारात बोहारीण आली आणि पातेल्यापोटी आणखी एक साडी मागू लागली, की आपण तिला लबाड ठरवतो. ते गाठोडं ती डोक्यावरून नेते, फाटकं निवडते, शिवते, धुते, मग विकते. तिची ही मजुरी आपल्या हिशेबात नसतेच.

नको असलेली वस्तू घराबाहेर काढणं हा निव्वळ स्वच्छतेचा प्रश्न नाही, तो श्रमाचा प्रश्न आहे. घरात ते काम बाईचं. बाहेर कचरा वेचणारीही बहुतेक वेळा बाईच, आणि बहुतांशी दलित.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. पाणी ओसरलं आणि गल्लोगल्ली भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, कुजलेलं धान्य, फुटक्या काचा यांचे ढीग लागले. घरातला गाळ बायकांनी उपसला, रस्त्यावरचे ढीग सफाई कामगारांनी. नुकसानीच्या यादीत वस्तू येतात, हात येत नाहीत. पुढच्याच वर्षी, 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात, एक लाखाच्या आतल्या शहरांत आपलं कराड देशात पहिलं आलं. अभिमान वाटलाच. पण गावाला असा मान मिळतो तेव्हा कचरा निवडणाऱ्यांचा रोज किती वाढतो, हे विचारायला नको?

2016 च्या नियमांनी घराघरात ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितला. नियमांच्या भाषेत हे काम ‘कचरा निर्माण करणाऱ्याचं’. आमच्याकडं निर्माण करणारे पाच, निवडणारी एक!

आणि आपण तरी काय करतो? पाळी म्हणजे विटाळ नव्हे, असं सभेत ठणकावून सांगतो आणि वापरलेलं पॅड तसंच पिशवीत कोंबतो. ते दुसऱ्या बाईच्या उघड्या हाताला लागतं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं 2017 मध्ये साधं मागणं मागितलं होतं: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. एवढंही जड जातं आपल्याला. इंजेक्शनच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत, फुटका बल्ब खोक्यात घालून त्यावर तसं लिहायला किती वेळ लागतो?

त्याच पुण्यात 1993 मध्ये या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. कचऱ्यावरचा हक्क आणि कामगार म्हणून ओळख मागितली, पालिकेची ओळखपत्रं मिळवली. कुणाची दया मागितली नाही. मग आपल्या जिल्ह्यांतल्या संघटनांच्या मागण्यांत हातमोजे, निवाऱ्याची शेड, ठरलेली मजुरी का नाहीत? पुढच्या बैठकीला वेचणाऱ्या बायांना बोलवा, साड्या वाटायला नव्हे, मागण्यांचा मसुदा लिहायला.

आणि घरचे डबे नवऱ्याकडं सोपवा. सुया बाटलीत भरायचं काम ज्याची साखर वाढलीय त्याचं.