मूत्रपिंड मंजूर, गोळी नामंजूर!

परक्या अवयवाशी मानवी शरीर कायमचा तह करीत नाही. १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोपलेले मूत्रपिंड टिकले, कारण दाता व रुग्ण एकाच बीजाचे जुळे भाऊ होते. इतरांच्या बाबतीत रक्तातील पांढऱ्या पेशी परका अवयव ओळखून त्याच्यावर तुटून पडतात. ऊतींची जुळणी पाहून हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. त्याला आवर घालतात ती अ‍ॅझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारखी औषधे. अवयव चालू असेतो ती रोज घ्यावी लागतात.

विज्ञानाचा हा साधा नियम अमेरिकेच्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हता काय? १९७२च्या कायद्याने तेथील सरकारने मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या उपचारांचा भार उचलला. पाऊल निःसंशय पुरोगामी होते. परंतु पासष्ट वर्षांखालील व अन्यथा अपंग नसलेल्या रुग्णांना या औषधांसाठी मिळणारे साहाय्य रोपणानंतर छत्तीस महिन्यांनी बंद होई. पेशी मात्र छत्तीस महिन्यांनी शस्त्रे खाली ठेवीत नाहीत! पैशाअभावी गोळ्या सुटल्या, की आप्ताने दिलेले मूत्रपिंड वाया जाई. आणि रुग्ण पुन्हा डायलिसिसवर आला, की तेच सरकार गोळ्यांहून कितीतरी महाग असलेल्या त्या उपचाराचा खर्च निमूटपणे सोशी. शिवाय फसलेल्या रोपणामुळे रक्तात प्रतिपिंडे तयार होऊन दुसरा जुळणारा दाता मिळणे अधिकच कठीण होते.

याला काटकसर म्हणावयाचे काय? ही तर भांडवली हिशेबाची दिवाळखोरी होय. हा अन्याय दूर करणारा कायदा २०२० साली झाला आणि २०२३ पासून अमलात आला. तरीही इतर विमा नसलेल्यांपुरताच, आणि तोही मासिक हप्ता भरून!

आपण यापासून धडा घेतला पाहिजे. महाराष्ट्रातही महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मूत्रपिंडरोपण होते. अशा योजनेचे यश शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर मोजू नये. दहा वर्षांनंतर किती मूत्रपिंडे चालू आहेत, हा हिशेब मागितला पाहिजे. रोपण ही एका दिवसाची घटना, तर औषध ही आयुष्यभराची गरज आहे. म्हणून ती औषधे प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, आजन्म आणि विनामूल्य मिळालीच पाहिजेत. दात्याच्या त्यागाची किंमत रुग्णाच्या खिशावर ठरवण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही.