प्रतिभाताईंचा निबंध : ‘पहिल्या महिला’ या दोन शब्दांच्या पुढे



८ मार्च जवळ आला की शाळेत निबंधाचा एक विषय ठरलेला असतो – ‘भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती’. आपल्या खानदेशात तर तो सुटतच नाही. प्रतिभाताई पाटील आपल्या जळगाव जिल्ह्याच्या, म्हणून मुलंही हौसेनं लिहितात. मी माहेरची जळगावकडची, नोकरीला धुळे जिल्ह्यात. हा निबंध मी स्वतः शाळेत लिहिलेला नाही, पण तपासलेत मात्र शेकडो. त्यावरून माझं एक मत झालंय, ते आज तुमच्यापुढे मांडते.

एकदा नववीच्या वर्गात एका मुलीनं लिहिलं होतं, ‘प्रतिभाताई भारताच्या फर्स्ट लेडी होत्या.’ मी लाल पेन उचलला आणि वर्गालाच विचारलं, फर्स्ट लेडी म्हणजे कोण? उत्तर कुणालाच येईना. मग सांगितलं, राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला तसं म्हणतात. अमेरिकेच्या एलिनॉर रुझवेल्ट फर्स्ट लेडी होत्या. कामाच्या बाईच होत्या त्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षही झाल्या आणि १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यांच्या काळात तयार झाला. पण ‘फर्स्ट लेडी’ हे बिरूद त्यांना मिळालं ते नवऱ्याच्या पदामुळे. प्रतिभाताईंचं तसं नाही. त्या स्वतःच राष्ट्रपती होत्या.

मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “मॅडम, मग त्यांच्या मिस्टरांना काय म्हणायचं?” वर्ग हसला. पण प्रश्न बरोबर होता! २००७ साली देशातही हीच चर्चा झाली. बाई त्या पदावर बसल्यावर ‘राष्ट्रपती’ म्हणायचं की दुसरं काही? मी फळ्यावर लिहिलं : सेनापती, सभापती, कुलपती, राष्ट्रपती. इथे ‘पती’ म्हणजे नवरा नव्हे, ‘पती’ म्हणजे प्रमुख. पद बदललं नाही, पदावरची व्यक्ती बदलली. व्याकरणाचा तास त्या दिवशी आपोआपच झाला.

आता मुद्द्याकडे येते. आपली मुलं या निबंधात काय लिहितात? जन्म १९ डिसेंबर १९३४, गाव नाडगाव, तालुका बोदवड. मग एकदम उडी २५ जुलै २००७ वर, राष्ट्रपतिपदाची शपथ. मधली ७२ वर्षं गायब! आणि शेवटी ‘त्या आम्हा सर्वांचे प्रेरणास्थान आहेत’. पूर्ण गुण.

माझं म्हणणं असं की, खरा धडा त्या गायब झालेल्या वर्षांतच आहे. ती वर्षं एकदा ओळीनं मांडून बघा.

शाळा जळगावात. मग मूळजी जेठा महाविद्यालयातून एम.ए. तिथे त्या टेबल टेनिसही खेळायच्या, नुसत्या खेळायच्या नाहीत, जिंकायच्या. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून वकिलीची पदवी आणि जळगावच्या कोर्टात वकिली. सोबत महिलांसाठी सामाजिक काम. १९६२ मध्ये जळगावातून आमदार, वय अवघं २७. त्याच साली जिल्ह्यात महिला होमगार्डचं पथक उभं केलं. त्यानंतर एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, या मतदारसंघातून चार वेळा आमदार. राज्यात मंत्रिपदं, काही काळ विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. पुढे राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल. एवढं सगळं झाल्यावर मग राष्ट्रपती भवन.

या यादीत एक तारीख मी मुद्दाम वगळली. ७ जुलै १९६५. त्या दिवशी त्यांचं लग्न झालं, अमरावतीचे प्राध्यापक देवीसिंह शेखावत यांच्याशी. तेव्हा ताईंचं वय ३० होतं. आधी एम.ए., मग वकिली, मग आमदारकी आणि त्यानंतर लग्न! मित्रांनो, ही १९६५ सालची गोष्ट आहे. आज किती घरांत ही क्रमवारी चालते, ते आपलं आपण बघावं.

ही तारीख मला का टोचते, ते सांगते. वर जिनं ‘फर्स्ट लेडी’ लिहिलं, तिचाच निबंध त्या वर्षी वर्गात सगळ्यात चांगला होता. शेवटचं वाक्य होतं, ‘मला पण वकील व्हायचे आहे.’ मी शेजारी ‘छान!’ असं लिहिलं आणि पहिला नंबर दिला. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला, तर ही नाही. घरी गेले. आई म्हणाली, “मॅडम, पोरले इतलं शिकाडीसन काय करनं शे?” इतकं शिकवून करायचं काय, असं ती विचारत होती. लग्न मे महिन्यातच उरकलं होतं. पोरगी पंधरा पूर्ण.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वर्गात कुजबुज झाली होती, मी ती ऐकलीही होती. पण ‘घरचा मामला आहे’ म्हणून गप्प बसले. मुलीचं १८ च्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही माहीत होतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तर आमच्या शाळेच्या भिंतीवरच रंगवलेला आहे. तरी मी फोन केला नाही. निबंधाला पहिला नंबर देणं सोपं होतं, तो नंबर फिरवणं जड गेलं. ही चूक माझी आहे आणि तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून इथे लिहितेय.

आणखी एक आकडा सांगते. १ एप्रिल २०१० ला जनगणनेचं काम सुरू झालं आणि देशात पहिली नोंद झाली ती राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांची. त्याच २०११ च्या जनगणनेत त्यांच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. देशातली पहिली नोंद आपल्या लेकीची आणि आपल्याच जिल्ह्यात लेकी कमी! ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली की ‘आम्हाला अभिमान आहे’ हे लिहिताना हात जरा अडखळतो. अडखळायलाच हवा.

कुणी म्हणेल, मॅडम, कौतुकाच्या निबंधात असलं कशाला? मला वाटतं, कौतुक जरूर करावं, पण डोळे उघडे ठेवून. वयाच्या ७४ व्या वर्षी, २५ नोव्हेंबर २००९ ला, पुण्याहून सुखोई लढाऊ विमानातून त्यांनी भरारी घेतली, हे मुलांना रंगवून सांगाच. त्यासोबत हेही सांगा की परदेश दौऱ्यांच्या खर्चावरून त्यांच्यावर टीका झाली आणि निवृत्तीनंतरच्या घरासाठीची पुण्यातली जागा वादानंतर त्यांनी नाकारली. मोठ्या माणसाला प्रश्न विचारता येतात, हे कळणंही नागरिकशास्त्रच आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाकडून मुलं फक्त नमस्कार शिकतात.

२०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. पहिलीच्या मागून दुसरी यायला १५ वर्षं लागली, पण आली. ओडिशातल्या आदिवासी कुटुंबातल्या, आणि आधी शिक्षिका होत्या, आपल्या पेशातल्या. साक्री-शिरपूरकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलींना हे आवर्जून सांगा. ‘पहिली’ या शब्दाला अर्थ येतो तो मागून दुसरी, तिसरी आल्यावरच.

तर शिक्षक मित्रहो, यंदा निबंध देताना विषय थोडा बदलून बघा – ‘नाडगाव ते राष्ट्रपती भवन : मधली वर्षं’. आणि मुलींनो, तुम्ही निबंधाच्या शेवटी एक ओळ स्वतःची लिहा. मला तिसाव्या वर्षापर्यंत काय काय करायचं आहे? ती ओळ घरी आई-वडिलांना वाचून दाखवा. पुढच्या जूनमध्ये ती लिहिणारी वर्गात दिसली नाही, तर चौकशी करणं हे आमचं काम. आणि सुट्टीआधी कुजबुज कानावर आली, तर फोन करणं हेही आमचंच.

मी आता हजेरीच्या वहीत पहिल्या पानावर १०९८ लिहून ठेवलाय. तुम्हीही लिहा.