नोट खोटी निघाली, माणूस नव्हे

बँकेत कॅशला बसणाऱ्याला रोज कोणी ना कोणी बोलून जातंच. लिंक गेली, रांग हलत नाही, सुट्टे नाहीत. सवयीनं त्याचं काही वाटेनासं होतं. पण मशीन पाचशेची नोट बाजूला टाकतं, आपण ती उजेडात धरतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो... ते मात्र अजूनही जड जातं.

रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. खोटी नोट परत द्यायची नाही. शिक्का मारून जप्त करायची आणि पोचपावती द्यायची. पैसे मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असल्या तर पोलिसांना महिन्याचा एकत्रित अहवाल जातो. पाच किंवा जास्त असल्या तर एफआयआर. म्हणजे एका नोटेसाठी बँक लगेच गुन्हा नोंदवायला धावत नाही. माझ्या मते ग्राहकाला हे सगळ्यात आधी सांगावं. पैशांपेक्षा पोलिसांच्या नावानेच तो जास्त घाबरलेला असतो.

आणि वाक्य कसं बोलावं? "तुम्ही खोटी नोट दिलीत" म्हटलं की तो चोर झाला. "ही नोट खोटी निघाली" म्हटलं की तो आणि मी, दोघंही नोटेकडे बघतो. तेही हळू आवाजात, बरं का! छोट्या गावात मागच्या रांगेत त्याचा व्याही उभा असू शकतो.

काही सहकारी म्हणतात, "जाऊ द्या हो, गरीब आहे, परत द्या, खपवेल कुठेतरी." याला समजूतदारपणा म्हणतात म्हणे! मला नाही पटत. कुठेतरी म्हणजे शेवटी भाजीवालीच्याच गल्ल्यात ना? शिवाय जप्त केली नाही तर बँकच सामील होती असं धरलं जातं, ते वेगळंच.

गेल्या दिवाळीत कांद्याचे पैसे भरायला एक आजोबा आले होते. एक नोट खोटी निघाली. "मग हे पाचशे कुणी भरायचे?" त्यांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि गोड बोलून ते तयारही होत नाही. त्यांना स्टुलावर बसवलं, खरी नोट हातात दिली, तिरकी केली की हिरवा धागा निळा कसा दिसतो ते दाखवलं. त्यांनी पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मग घरखर्चासाठी मागे ठेवलेल्या नोटा काढून एकेक तिरकी करून बघू लागले. रांग थांबली होती, पण कोणी काही बोललं नाही.